पीएस५साठी पन्नास हजारांच्या आत टीव्ही: १२० हर्ट्झच्या मागे लागू की नको?

दिवाणावरचा · शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, दिवाळीचा बोनस आलाय आणि टीव्ही बदलायला आईची मंजुरीही मिळालीये. या दोन गोष्टी पुन्हा एकत्र येतील याची खात्री नाही, म्हणून घाईघाईने धागा काढतोय.

सध्या घरात ३२ इंची एचडी रेडी आहे आणि पीएस५ स्लिम (खेळांचा कन्सोल) त्यालाच जोडलाय. खेळ चालतात, पण १३६६ × ७६८च्या पडद्यावर सबटायटल वाचायला उठून टीव्हीला नाक लावावं लागतं. नकाशावरची बारीक अक्षरं तर अंदाजानेच.

खोली: चिंचवडमधला भाड्याचा वन बीएचके. दिवाण ते समोरची भिंत सात फूट. आईची खुर्ची बाजूला, बाल्कनीच्या दाराशी. ती तिथूनच मालिका बघते आणि जागा बदलणार नाही (विचारून झालंय). खेळ म्हणाल तर मित्रांबरोबर फुटबॉल, आतेभावाबरोबर क्रिकेट २४, आणि रात्री एकटा असलो की स्पायडरमॅन २, गॉड ऑफ वॉर वगैरे.

बजेट ४५, ताणून ५०. आज एका दुकानात ४२ हजारांचा ५५ इंची दाखवला. खोक्यावर १२० हर्ट्झ, एचडीएमआय २.१, एचडीआर, डॉल्बी व्हिजन असं सगळं लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, "सर, यात नाही असं काहीच नाही." म्हणूनच शंका आली. काय बघून घ्यावं?

मोफतचा_सल्ला · शनिवार, रात्री १०:५८

ओलेड घ्या, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो-विझतो तो. बाकी सगळं म्हणजे पैसे पाण्यात.

दिवाणावरचा · शनिवार, रात्री ११:०३

दादा, शीर्षकात आकडा लिहिलाय.

मोफतचा_सल्ला · शनिवार, रात्री ११:०५

मग थांबा. पैसे साठवा. एकदा काळा रंग खरोखर काळा बघितलात की परत फिरणार नाही.

निळीशाई · शनिवार, रात्री ११:२१

"थांबा" हा सल्ला देणाऱ्याला एक पैसा लागत नाही. माणूस ७६८पीवर खेळतोय, त्याला पुढचं पाऊल टाकू द्या की.

बटणदाब्या · शनिवार, रात्री ११:५२

दिवाणावरचा, खोक्यावरचं आधी विसरा. तिथे लिहिलेलं बरंचसं चित्रपट आणि मालिका बघणाऱ्यांसाठी असतं. खेळणाऱ्याला पहिला प्रश्न एकच: बटण दाबलं की पडद्यावर हालचाल किती वेळाने दिसते? हा इनपुट लॅग, आणि तो खोक्यावर कोणीच छापत नाही.

लॅग का होतो? आलेलं चित्र टीव्ही सरळ दाखवत नाही. चित्रातले खरखरीत ठिपके कमी कर, कडा धारदार कर, रंग खुलव, असे संस्कार करत बसतो. त्यातला सगळ्यात महागात पडणारा म्हणजे एमईएमसी, ज्याने मालिका 'गुळगुळीत' दिसतात. दोन फ्रेमच्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या, मधली फ्रेम बनवायची तर पुढची फ्रेम आधी हातात यायला हवी, म्हणजे टीव्हीला चित्र अडवून ठेवणं भागच पडतं. साध्या मोडमध्ये अनेक टीव्ही १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातात. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुमचा डिफेंडर सहा फ्रेम उशिरा पाय टाकतो. मग आपण कंट्रोलरला शिव्या घालतो.

गेम मोड लावला की हे संस्कार बंद होतात. बऱ्या टीव्हीचा लॅग मग १० ते २० मिलिसेकंदांत येतो, आणि तेवढा हाताला जाणवत नाही. म्हणून गेम मोड आहे का आणि तो खरंच काम करतो का, हे पहिलं. एएलएलएम असेल तर पीएस५वर खेळ सुरू झाल्यावर तो आपोआप लागतो. नसेल तर रिमोटवर दोन बटणं जास्त दाबायची, एवढाच फरक. त्यासाठी हजारो रुपये जास्त देऊ नका.

१२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारं चित्र, त्यानंतर. फुटबॉल ६०वर चालतं, क्रिकेटलाही ६० पुरे. तुमच्या यादीत १२०साठी जीव टाकावा असं मला तरी काही दिसत नाही.

सर्किट_उघडा · रविवार, सकाळी ८:१५

बटणदाब्यांशी सहमत. त्या ४२ हजारांच्या टीव्हीबद्दल माझी भर.

पहिलं, एचडीएमआय २.१ लिहिलंय याचा अर्थ ४के (३८४० × २१६०) १२०वर चालेलच असा नाही. २.१ची वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. २०२१च्या डिसेंबरात यावरून बराच गदारोळ झाला होता, कारण एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेनेच मान्य केलं की जुन्या २.०च्या क्षमतेचं पोर्टही २.१ म्हणून विकता येतं. २.०मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, पूर्ण क्षमतेच्या २.१मधून ४८. पण खोक्यावर कोणता आकडा छापायचा, हा ज्याच्या त्याच्या सचोटीचा प्रश्न.

दुसरं, त्या किमतीत ५५ इंची '१२० हर्ट्झ' दिसला की डीएलजीचा संशय घ्या. पॅनेल मुळात ४के ६०चंच असतं. १२० मागितलं की ते एकावर एक असलेल्या दोन ओळी एकदम हाकतं. वेग दुप्पट होतो, पण उभ्या दिशेने तपशील निम्मा होतो. दुकानदार खोटं बोलत नाही, फक्त अर्धं बोलतो. आणि '२४० मोशन', '२०० रेट' असले आकडे तर वाचूच नका, तो एमईएमसीचा हिशोब असतो.

खात्री करायची रीत सोपी आहे. पीएस५ पिशवीत घालून दुकानात न्या. सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ, त्यात व्हिडिओ आउटपुटची माहिती उघडा. जोडलेला टीव्ही कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ घेतो, ते तिथे स्वच्छ लिहून येतं. टीव्हीने कन्सोलला स्वतः सांगितलेली माहिती असते ती.

पंचगंगा_पलीकडचा · रविवार, सकाळी ९:०२

भावा, नाद करू नगंस १२०चा. माझ्याकडं साधा ६०वाला हाय, ४३ इंची. गेम मोड लावला की फुटबॉल असं पळतंय की बोलायचं काम न्हाई. हरलो की मात्र टीव्हीवर ढकलायची सोय ऱ्हायली न्हाई, एवढाच तोटा.

चाळिशीतला_गडी · रविवार, सकाळी ९:४८

इथे जरा वेगळं बोलतो. १२० हर्ट्झचा खरा फायदा १२० फ्रेममध्ये नाहीच, तो ४० फ्रेममध्ये आहे.

तुमच्याच यादीतले खेळ घ्या. स्पायडरमॅन २ आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक दोन्हींत चित्राची गुणवत्ता जपणाऱ्या मोडला १२० हर्ट्झच्या टीव्हीवर ४० फ्रेमचा पर्याय मिळतो. रॅचेट अँड क्लँकने हे २०२१मध्ये आणलं आणि मग पुष्कळांनी उचललं. ३० फ्रेमला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६०ला १६.७. ४०ला बरोबर २५, म्हणजे वेळेच्या हिशोबात ४० हे ३० आणि ६०च्या अगदी मध्यावर बसतं. ३०चं चित्र आणि हाताला जवळजवळ ६०ची चपळाई. पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते दाखवता येत नाही, कारण ६०ला ४०ने पूर्ण भाग जात नाही. १२०ला जातो, प्रत्येक फ्रेम तीनदा.

शिवाय व्हीआरआर. २०२२च्या एप्रिलमध्ये पीएस५ला आला. ४८ ते १२०च्या पट्ट्यात फ्रेम खालीवर झाल्या तरी टीव्ही स्वतःचा ठेका त्यांच्याशी जुळवतो. एकदा सवय लागली की ६०च्या टीव्हीवरची अडखळ डोळ्यात खुपते.

तेव्हा खरं १२०चं पॅनेल पन्नास-पंचावन्नात मिळत असेल तर घ्याच, मोठं नाव नसलं तरी.

बटणदाब्या · रविवार, सकाळी १०:१०

४०चा मुद्दा बिनतोड. पण ते दोन्ही खेळ परफॉर्मन्स मोडमध्ये (चित्रापेक्षा वेगाला प्राधान्य) ६०वरही चालतात, आणि सात फुटांवरून त्या दोन मोडच्या चित्रांत फरक शोधायला मला थांबून बघावं लागतं. पाच-दहा हजार जास्त मोजायचेच असतील तर मी ते काळ्या रंगासाठी मोजेन.

निळीशाई · रविवार, सकाळी १०:३७

काळ्या रंगावर आलातच तर माझं ऐका. मी रात्री दिवे घालवून खेळते.

स्वस्त टीव्हीत दोन जातीची पॅनेलं येतात, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण हजारास एक, व्हीएचा तीन हजार आणि वर. आकडा कोरडा वाटतो, पण अंधाऱ्या गुहेत शिरलात की कळतं: आयपीएसवर गुहेत धुकं पसरल्यासारखा राखाडी उजेड दिसतो, व्हीएवर गुहा गुहेसारखी दिसते. उलट व्हीए बाजूने बघितलं की रंग फिके पडतात, आणि काही पॅनेलांवर अंधारात कॅमेरा फिरवला की मागे काळं ओघळत जातं.

आता एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणारं चित्र. 'एचडीआर आहे' याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल समजतो, इतकाच. दाखवता यायला उजेड लागतो. या किमतीत पुष्कळ टीव्ही २५०-३०० निट्सवर (उजेडाचं माप) अडकतात आणि त्यांना लोकल डिमिंग (पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करायची सोय) नसतं, म्हणजे चंद्र उजळायचा तर आख्खं आकाश उजळतं. अशा टीव्हीवर एचडीआर लावलं की खेळ उलट मळकट दिसतो. मैत्रिणीकडे असाच होता, आम्ही पीएस५मधून एचडीआर बंद केलं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच प्रकारासाठी तर दमडी देऊ नका. पीएस५ ते वापरतच नाही, खेळ एचडीआर१०मध्येच येतात. एक्सबॉक्सवाल्यांची गोष्ट वेगळी.

दुकानात करायची परीक्षा: यूट्यूबवर पूर्ण काळ्या पडद्याचा व्हिडिओ लावा आणि दुकानदाराला वरचे दिवे दोन मिनिटं घालवायला सांगा. कोपऱ्यांत पांढरे ढग दिसतात का बघा. मग आईच्या खुर्चीच्या कोनात जाऊन उभे राहा.

तरवडे_स्टोअर्स · रविवार, सकाळी ११:३०

आईची खुर्ची विसरू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. टीव्ही खेळासाठी घेतला तरी मालकी कोणाची, हे सगळ्यांना माहीत आहे.

गल्लीतला_कॉन्ट्रा · रविवार, दुपारी १२:०५

अवांतर: नव्वदीत आम्ही पिवळी कॅसेट खोचून, फुंकर मारून, पोर्टेबल टीव्हीवर खेळायचो. त्या डबड्यात लॅग नावालाही नव्हता, कारण चित्र कुठे साठवायची सोयच नव्हती. सिग्नल आला की थेट काचेवर. बदकं मारायची बंदूक आठवते का? ती त्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवरच चालायची, आताच्या सपाट टीव्हीवर बदकासमोर धरली तरी लागत नाही. तीस वर्षांची प्रगती आणि आता आपण 'गेम मोड' लावून तिथेच परत जायची धडपड करतोय.

लेस्टरकर · रविवार, दुपारी २:४४

इकडे मी टीव्ही घेण्यापूर्वी आर्टिंग्ज नावाच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर लॅगची मोजमापं बघतो. स्वतः टीव्ही विकत आणून यंत्राने मोजतात, म्हणून विश्वास ठेवावासा वाटतो. पण भारतातल्यांनी एक पथ्य पाळा: नाव तेच असलं तरी देशागणिक आतलं पॅनेल आणि चिप वेगळी असू शकते. त्याहून फसवं म्हणजे एकाच मॉडेल-मालिकेत मापागणिक फरक. कित्येक मालिकांत ५५ आणि वरचे १२० हर्ट्झचे असतात, आणि त्याच नावाचा धाकटा भाऊ ६०चा. जाहिरातीत थोरल्याचे गुण, पिशवीत धाकटा.

सर्किट_उघडा · रविवार, दुपारी ३:०१

हे शंभर टक्के. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या आणि त्याच मापाचा तपशील कंपनीच्या पानावर वाचा.

ढोबळ मानाने सांगायचं तर सोनीची एक्स७५, सॅमसंगची क्रिस्टल आणि एलजीची साधी यूएचडी ही सगळी ६०ची कुळं. सोनीत १२० हवं तर वरच्या कुळांपर्यंत चढावं लागतं, आणि तिथे लाखाच्या आसपासची गोष्ट सुरू होते. टीसीएल, हायसेन्स वगैरेंकडे खरं १२० किंवा १४४ पॅनेल बरंच खाली मिळतं, ५५ इंचाला पन्नास-साठच्या घरात. सेवा केंद्र तुमच्या भागात कसं आहे ते शेजारीपाजारी विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आणखी एक. बऱ्याच टीव्हींत पूर्ण ताकदीची दोनच पोर्टं असतात आणि त्यातलंच एक ईआर्कचं, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारं. साउंडबार लावलात की कन्सोलला एकच उरतं.

वऱ्हाडी_ठेचा · रविवार, सायंकाळी ६:२०

भाऊ, सारे जण पॅनेल पॅनेल करून राह्यले, एक गोष्ट कोणीच नाही सांगून राह्यलं. छत्रीची वायर! आमच्याकडे पावसाळ्यात वीज कडाडली, मी टीव्हीचा प्लग काढला अन् निवांत बसलो. झटका आला तो गच्चीवरच्या छत्रीतून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयनं टीव्हीत. टीव्हीचं पोर्ट गेलं, अन् कन्सोलही जोडून होता, त्याचंही गेलं. ढग आले की छत्रीची पिन आधी काढा, मंग बाकीचं.

स्टॅबिलायझर विकाले येईन दुकानवाला. आजकालचे टीव्ही १०० ते २४० व्होल्ट सहज झेलतात. चांगला स्पाइक गार्ड घ्या अन् मोकळे व्हा.

दिवाणावरचा · सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आज ऑफिसमधून अर्ध्या दिवसाने निघालो आणि खरंच पीएस५ सॅकमध्ये घालून दुकानात गेलो. दुकानदाराने आधी संशयाने बघितलं, मग त्याचाच पोऱ्या दुसरा कंट्रोलर घेऊन बसला.

तो ४२ हजारांचा ५५ इंची: माहितीच्या पानावर १९२० × १०८०पुढे ६० आणि १२०, ३८४० × २१६०पुढे फक्त ६०. व्हीआरआरपुढे काहीच नाही. सर्किटभाऊंनी सांगितलेलं तंतोतंत. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "सर, हे तुमचं मशीन जुनं असेल."

मग लॅग. साध्या मोडमध्ये फुटबॉल लावलं. पोऱ्याने शॉटचं बटण दाबलं, त्याचा अंगठा वर आला, आणि मग खेळाडूने पाय उचलला. हे मी चेंडूकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघून पाहिलं. गेम मोड लावल्यावर अंगठा आणि पाय एकत्र हलले. एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसेल असं वाटलं नव्हतं.

शेजारी दोन टीव्ही होते. एक ५० इंची, ६० हर्ट्झ, ३७ हजार. दिवे घालवायला तो तयार झाला नाही, पण टीव्हीवर माझं जॅकेट धरून काळा पडदा बघितला: कोपरे साफ, बाजूने थोडा फिका. व्हीए असावं. दुसरा ५५ इंची, माहितीच्या पानावर ४केपुढे १२० आणि व्हीआरआरही दाखवला. ५४ हजार, कार्डावर ५१.

मन दुसऱ्यावर गेलंय. सांगा.

चाळिशीतला_गडी · सोमवार, रात्री ९:४१

यात विचारायचं काय आहे? उचला.

बटणदाब्या · सोमवार, रात्री ९:५५

५१ला खरं १२० आणि व्हीआरआर मिळत असेल तर माझा विरोध मावळला. त्याचाही गेम मोड त्या अंगठ्याच्या परीक्षेतून काढा, मग उचला.

मापं_काढा_आधी · सोमवार, रात्री १०:१२

भिंत मोजलीत का हो? ५५ इंच हे तिरकं माप. आडवी रुंदी जवळपास १२२ सेंटिमीटर. ५०ची १११, ४३ची ९५. त्यात टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर हल्ली पाय दोन टोकांना असतात, टेबल तेवढं रुंद लागतं. भिंतीला लावणार असाल तर पोर्टं बाजूला आहेत की थेट मागे ते बघा. मागे असतील आणि फुकटचा चपटा ब्रॅकेट लावला तर केबल आत शिरत नाही. आणि भाड्याचं घर म्हणालात, भोकं पाडायला मालकांना विचारलंत का?

अंतराचं म्हणाल तर सात फूट म्हणजे ८४ इंच. पडद्याच्या दीडपट अंतर धरलं तर ५५ चपखल, ५०ही छान.

दिवाणावरचा · सोमवार, रात्री १०:३४

आत्ता टेप घेऊन मोजलं. कपाट आणि बाल्कनीच्या दाराच्या चौकटीमध्ये ११६ सेंटिमीटर. कपाट आईचं आहे, ते हलणार नाही. मालकांना फोन केला, "एक खिळाही नको" म्हणाले.

गल्लीतला_कॉन्ट्रा · सोमवार, रात्री १०:३६

दोन दिवसांचा १२० विरुद्ध ६० हा वाद एका कपाटाने मिटवला.

चाळिशीतला_गडी · सोमवार, रात्री १०:५०

५० इंचात खरं १२० शोधा, तेवढं करा माझ्यासाठी.

दिवाणावरचा · मंगळवार, दुपारी १:१५

शोधलं. माझ्या पैशांत नाही सापडलं. ३७वाला ५० इंची घेतोय.

पै_पै_हिशोबी · मंगळवार, दुपारी १:४०

घ्या, पण घासाघीस करून. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्के झालाय. म्हणजे करासकट पूर्वी ५० हजारांना असलेला टीव्ही आता ४६ हजारांच्या आसपास यायला हवा, पावणेआठ टक्क्यांच्या जवळपास घट. कित्येक दुकानांत जुनीच एमआरपी छापलेली खोकी दाखवून ही करकपात 'दिवाळी ऑफर' म्हणून विकतात. ऑफर त्यानंतर सुरू व्हायला हवी. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर पॅनेल त्यात धरलंय का तेवढं वाचा. पॅनेल गेलं की टीव्हीच गेला, बाकीच्या सुट्या भागांच्या वॉरंटीचं लोणचं घालायचं का?

डेमोचा पीस घेऊ नका. सीलबंद खोकं, आणि घरी उघडताना मोबाइलवर चित्रण. वाहतुकीत आतून तडकलेलं पॅनेल बाहेरून कळत नाही. आमच्या चुलत्यांना ते सिद्ध करायला नाकी नऊ आले होते.

दिवाणावरचा · शुक्रवार, रात्री ११:२०

आला! ३५ हजार ५००ला ठरला, स्पाइक गार्ड फुकट. लावून झाला, आईची मालिका बघून झाली, आता माझी पाळी. पण रंग जरा धुतल्यासारखे दिसतायत आणि कन्सोल सांगतोय की एचडीआर मिळत नाही. खोक्यावर तर लिहिलंय.

सर्किट_उघडा · शुक्रवार, रात्री ११:३२

पोर्ट कुलूपबंद असेल. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयची पूर्ण क्षमता हाताने उघडावी लागते. सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट 'एन्हान्स्ड', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर' अशी नावं आहेत, तुमच्यात यातलंच काहीतरी असेल. पीएस५च्या खोक्यातलीच केबल वापरा, जुनी सेट टॉप बॉक्सची नको.

धुतलेल्या रंगांसाठी आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी) बघा. पीएस५ आणि टीव्ही दोन्हीकडे 'ऑटो' ठेवा. एक फुल आणि दुसरा लिमिटेड झाला की काळा राखाडी होतो.

निळीशाई · शुक्रवार, रात्री ११:४०

एचडीआर मिळालं की पीएस५मधलं एचडीआर समायोजन करा, पडद्यावर येणाऱ्या सूचनांप्रमाणे. मग एकच जागा एचडीआर लावून आणि काढून बघा. न लावलेलं जास्त आवडलं तर खुशाल बंद ठेवा, कोणी विचारायला येत नाही. शार्पनेस खाली आणा, कारखान्यातून येतो तो फार असतो. आणि आईसाठी एमईएमसी सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर चालू ठेवलंत तरी चालेल, बहुतेक टीव्ही प्रत्येक पोर्टचं वेगळं लक्षात ठेवतात.

दिवाणावरचा · शनिवार, पहाटे १:०५

पोर्टच बंद होतं! उघडलं. सबटायटल दिवाणावरून वाचता येतायत. आतेभावाला उद्या बोलावलंय.

नवा_भिडू · शनिवार, सकाळी १०:१८

धागा वाचून काढला, फार उपयोगी. माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे. भिंत मोकळी आहे, बजेट ४० ते ४२. मग तो दिवाणावरचा यांनी नाकारलेला ४२ हजारांचा ५५ इंची मीही नाकारायचा का?

सर्किट_उघडा · शनिवार, सकाळी १०:४५

तुमच्यासाठी गणित बदलतं. सिरीज एसचा रोख मुळात १४४०पीवर आहे, ४के बहुतेक वेळा ताणून दाखवलेलं असतं. १२० फ्रेमचे खेळही ती १०८०पी किंवा १४४०पीवरच चालवते, म्हणजे डीएलजी टीव्हीत तुमचं नुकसान पीएस५वाल्यापेक्षा कमी. फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटीसारखे नेमबाजीचे खेळ खेळत असाल तर तो टीव्ही विचारात घ्या. भर म्हणजे एक्सबॉक्सचं व्हीआरआर फ्रीसिंक या वेगळ्या पद्धतीच्या वाटेने जुन्या २.० पोर्टवरही चालू शकतं, टीव्हीला फ्रीसिंक येत असेल तर. पीएस५ला ती सवलत नाही.

कन्सोल घेऊन जा आणि सेटिंग्जमध्ये टीव्ही व डिस्प्लेच्या पर्यायांत '४के टीव्ही डिटेल्स' उघडा. हिरव्या खुणा कशाकशापुढे येतात ते इथे लिहा, मग बोलू.

नवा_भिडू · शनिवार, सकाळी १०:५१

संध्याकाळी जातो. दुकानाचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करा.